बुधवारची आई

बालवाडीच्या किश्श्यांचं एक बरं असतं, ते आपण गोळा करावे लागत नाहीत. घरी येऊन साडी बदलायला घ्यावी, तर पदराला कुठेतरी वाळलेली खळ सापडते, निऱ्यांत भेंडीच्या ठशाचा हिरवा डाग, आणि त्या डागाबरोबर एखादा किस्सा. मैत्रिणींना सांगितले की त्या पोट धरधरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? घडत होते तेव्हा मला एकाही किश्श्याला हसू आलं नव्हतं. कारण त्या अख्ख्या वर्षात माझी झोप एकाच गोष्टीनं उडवली होती. माझी मुलगी शाळेत बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे एक अक्षर नाही! घरी मात्र जुईच्या तोंडाला कुलूप घालायची सोय असती तर आम्ही घातलं असतं. साडेतीन वर्षांची पोर, पण दूधवाल्याला थांबवून त्याच्या सायकलच्या घंटीबद्दल चार प्रश्न विचारायची. बालवाडीच्या उंबऱ्याशी चप्पल काढली की संपलं. जणू आवाजही चपलेशेजारीच काढून ठेवला!

त्यातून मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. न शिकलेली आई एका कारणानं काळजी करते, मला सतरा कारणं पाठ होती.

बालवाडी अंधेरी पश्चिमेला, आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. चालवायच्या शैलाताई. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांची पद्धत अशी की पाटी-पेन्सिल नाही, मुलांनी सगळं हातानं करून बघायचं. आणि रोज एका आईनं मदतीला यायचं, प्रत्येकीचा वार ठरलेला. त्यामुळे मुलं आम्हाला नावानं ओळखतच नसत. कौस्तुभची आई नीता, ती ‘सोमवारची आई’. मी ‘बुधवारची आई’. भाजीबाजारात एकदा एक पोरगं मला बघून ओरडलं, “आई गं, आज तर शनिवार आहे, मग ही कशी आली?”

वाराच्या आईला नियम एकच. मुलाच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. ऐकायला किती सोपा!

* * *

नियम मी पहिल्याच महिन्यात मोडला.

शैलाताईंनी मुलांना मटकी भिजत घालायला लावली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापली मटकी आपापल्या रुमालात बांधायची, मग मोड येतात का ते बघायचं. जुईनं बांधलेली पुरचुंडी मी पाहिली. इतकी सैल, की निम्मी मटकी रुमालाबाहेर. माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं, एकवीस मुलांच्या मटकीला मोड आलेत आणि माझी पोर कोरड्या दाण्यांसमोर बसलीय. आधीच बोलत नाही, त्यात हे!

शुक्रवारी सकाळी तिला सोडायला गेले तेव्हा पिशवीतून घरची मटकी नेली. सासूबाईंनी उसळीसाठी काढलेली. कोणी बघत नाही असं बघून पुरचुंडी बदलली.

अकरा वाजता रुमाल उघडले. कुणाच्या मटकीला तिळाएवढा मोड, कुणाच्या तेवढाही नाही. जुईच्या मटकीला बोटभर लांब शेपट्या! सगळी मुलं बघायला गोळा.

न्यायला गेले तेव्हा शैलाताई अगदी शांतपणे म्हणाल्या, “जुईची मटकी फार हुशार निघाली गं. एका रात्रीत तीन दिवसांची वाढ! आणि येताना कढीपत्त्याचं एक पानही घेऊन आली.”

* * *

नारळी पौर्णिमेला शैलाताईंनी हर्षदच्या आजीला बोलावलं. हर्षद वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, आणि त्याची आजी म्हणजे बाजारात जिच्याशी भाव करायची माझी कधी हिंमत झाली नव्हती, अशी. ती आली ती नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा गजरा, एका हातात सोन्याचा मुलामा दिलेला नारळ आणि खांद्यावर अख्खं जाळं.

आधी गाठ मारायला शिकवली. मग म्हणाली, “आता बसा गोल.” मुलं बसली आणि हिनं, काय होतंय ते कळायच्या आत, जाळं भिरकावलं! बावीसच्या बावीस मुलं जाळ्यात! काय तो आरडाओरडा, काय ते खिदळणं. एकेक जण वाट काढत बाहेर आला.

जुई आलीच नाही. जाळ्याच्या मधोमध मांडी घालून गप्प बसून राहिली. झालं! माझं मानसशास्त्र जागं झालं. बंदिस्त जागा, धक्का, वाचा जाणं... मी धावले. “अहो काढा तिला! काढा आधी! ती बोलत नाही म्हणून सांगू शकत नाहीये!”

आजीनं मला हातानंच मागे सारलं. जुईकडे नीट निरखून बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “अगो बाय, साठ वर्सां मासली बघते मी. जाल्यात गावली आन् वर हसते, अशी पयलीच बघते!”

* * *

गणपतीच्या आधी शाडूची माती आली. कौस्तुभनं पंधरा मिनिटांत सोंड, मोदक, मुकुट असलेला गणपती केला. (सोमवारची आई सोमवारी हजर होती, एवढंच म्हणते.) हर्षदनं नुसताच उंदीर केला.

“आणि गणपती कुठाय रे?” न्यायला गेले तेव्हा मी विचारलं.

“बाहेर गेलाय. उंदीर वाट बघतोय.”

जुईनं एक चपटा गोळा थापला, कडेला थोडा दुमडला आणि हात धुऊन आली. शैलाताईंनी विचारलं, “हे काय आहे गं, जुई?” गप्प. “पोळपाट?” गप्प. “पान?” गप्प.

घरी जाताना जिना चढेपर्यंत ती मला सांगत होती, “तो गणपतीचा कान आहे. पूर्ण गणपती खूप मोठा आहे, तो शाळेत मावणार नाही, म्हणून आधी कान केला. म्हणजे तो बाहेरूनसुद्धा ऐकेल.”

मी तश्शी उलट्या पावली धावत गेले. शैलाताई कुलूप लावत होत्या. “ताई, तो कान आहे! गणपतीचा!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तिनं सांगितलं तुला?”

“हो.”

“मग मला कशाला सांगतेस? मला ती सांगेल तेव्हा कळू दे.” आणि किल्ली कमरेला खोचून निघून गेल्या. मला इतका राग आला, इतका राग आला, की त्याच रात्री मी जुईला जे विचारायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं तेच विचारून बसले.

“जुई, शाळेत का गं बोलत नाहीस?”

ती भात चिवडत म्हणाली, “तिथे सगळेच बोलतात. मग ऐकणार कोण?”

* * *

दिवाळीचा किल्ला करायला शैलाताईंनी रविवारी बाबा लोकांना बोलावलं. चूकच केली! आमचे हे एमआयडीसीतल्या कंपनीत ड्राफ्ट्समन. ते आले ते मोजपट्टी आणि नकाशा घेऊन. कौस्तुभच्या बाबांनी सिमेंट आणलं. तासाभरात सहा बाप गुडघाभर चिखलात, बुरूज किती अंशात असावा यावर भांडण, आणि बावीस मुलं कट्ट्यावर ओळीनं बसून चकली खातायत.

साडेअकराला शैलाताईंनी टाळी वाजवली. “मुलांनो, बाबांना आता घरी घेऊन जा. त्यांची खेळायची वेळ संपली.”

सोमवारी मुलांनी त्या किल्ल्याच्या बाजूला स्वतःचा केला. तीन दगड, एक फाटकी गोणी, थोडी अळिवाची पेरणी. पायथ्याशी काठी रोवून त्याला लाल कागद.

“हा झेंडा का?” नीतानं विचारलं.

“नाही, बसस्टॉप,” हर्षद म्हणाला. “मावळ्यांना चढून दम लागतो.”

* * *

संक्रांतीचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण सांगतेच.

मुलांनी स्वतः तीळ भाजले, गूळ किसला, लाडू वळले. लाडू कसले, खडेच ते. मग एकेकानं सगळ्यांना वाटायचे आणि म्हणायचं, “तिळगूळ घ्या, गोड बोला!” बावीस मुलं, सगळ्या आया आलेल्या, हॉलभर किलबिल. जुईनं प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवला. अगदी नीट, एकालाही न विसरता. तोंडातून शब्द नाही.

नीता हसत हसत म्हणाली, “अगं, हिला गोड बोलायचं राहू दे गं, नुसतं बोल म्हण!”

सगळ्या हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. मग आत मोरीपाशी जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. शैलाताई आल्या. त्यांनी माझ्यासमोर मटारच्या शेंगांची परात सरकवली. सोलायला लागले.

“कान तपासून आणलेस?” त्यांनी विचारलं.

“दोनदा.”

“मग? काय म्हणाले डॉक्टर?”

“म्हणाले, मुलगी उत्तम आहे, आईला झोपेचं औषध देऊ का?”

शैलाताई इतक्या हसल्या की परातीतले मटार उडाले. मला मात्र हसू येईना. “ताई, एप्रिल संपताना मोठ्या शाळेची मुलाखत आहे. नाव विचारतात, रंग विचारतात. तिथे ही अशीच उभी राहिली तर? घेणार नाहीत तिला. तुम्ही तरी सांगा, बोलेल ना?”

मला वाटलं होतं त्या ‘बोलेल गं’ म्हणतील. त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत.” आणि मटार वेचायला वाकल्या.

* * *

एप्रिलचा शेवटचा बुधवार. शाळेचा शेवटचा दिवस, आणि सोमवारी मुलाखत. उकाडा असा की हॉलमधला पंखा गरम हवा नुसती ढवळत होता. शैलाताईंनी सगळ्या वारांच्या आयांना बोलावलं होतं. मुलं स्वतःच्या हातानं सरबत करून आईला देणार.

टेबलावर चिरलेली लिंबं, माठाचं पाणी आणि दोन सारख्या स्टीलच्या वाट्या. एकीत दळलेली साखर, दुसरीत मीठ; वार माझा, म्हणून मीच भरलेल्या. कुठल्या वाटीत काय ते सांगायचं नाही, मुलांनी बोटानं चाटून ओळखायचं. आम्ही आया भिंतीशी ओळीनं बसलेल्या, हात मांडीवर.

कौस्तुभनं चाटून बघितलं. हर्षदनं दोन्ही वाट्या चार-चारदा चाटल्या, बहुतेक खात्रीसाठी नसावं. जुई आली. तिनं लिंबू पिळलं, बिया एकेक करून काढल्या. आणि चाटून न बघताच उजवीकडच्या वाटीतून एक चमचा घातला. मीठ! माझे हात उचलले गेले. शैलाताईंनी लांबूनच माझ्याकडे बघितलं. हात खाली. दुसरा चमचा. तिसरा. चौथा, शीग लावून! मग तिनं अगदी मन लावून ढवळलं आणि दोन्ही हातांत पेला धरून, थेंबही न सांडता, माझ्याकडे आली.

मी घोट घेतला. काय सांगू! डोळ्यांतून पाणी, कानांत वाफ. समोर जुईचे डोळे. माझ्या डोक्यात एकच, आज शेवटचा दिवस, आज हिचा हिरमोड झाला तर सोमवारी ही तोंड उघडायची नाही. मी पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला.

“वा!” मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. “काय छान झालंय गं! फर्स्टक्लास!”

“मला दे की एक घोट,” शेजारून नीता म्हणाली.

“संपलं,” मी पेला घट्ट धरून म्हणाले.

जुईनं माझ्या हातातून पेला सोडवून घेतला. आत वाकून बघितलं. तळाशी राहिलेल्या थेंबात बोट बुडवलं, चाटलं. तोंड वाकडं केलं. माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग वळली, सरळ टेबलापर्यंत चालत गेली आणि हॉलच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“ताई, हे खारट झालंय. आई घाबरून छान म्हणतेय.”