न तोडलेले फुटवे

सर्दीसाठी आज उकळत्या पाण्यात नीलगिरीची पानं टाकली आणि त्या वासाने मी थेट बाभूळगावच्या आमच्या शेतात जाऊन पोचले. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाबांनी तिथे बल्ल्यांसाठी, म्हणजे बांधकामाला विकायच्या सरळ लाकडी खांबांसाठी, नीलगिरी लावली होती. एका वादळात सगळी झाडं कमरेतून मोडली. महिन्याभरात खुंटाखुंटाला तांबूस, कोवळ्या फुटव्यांचे झुबके आले.

"एकच ठेव, बाकीचे तोड. तवाच बल्ली सरळ वाढते," बाबांनी मायला सांगितलं.

मायने विळा खाली ठेवला. "एवढा मार खाऊन उठून राह्यले, आपण कायले तोडाचे?"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी.

सरळ बल्ली एकही झाली नाही, नुसतं रान माजलं. तेव्हा मला मायचा राग आला होता. भावाने पाठवलेली आजची पानं त्याच रानातली आहेत.