डेक्कन इलेव्हनची भरती

किस्से जमवावे लागत नाहीत, माणसं जमवावी लागतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आम्ही एक पूर्ण सीझन माणसं जमवत फिरलो आणि किस्से आपोआप साठत गेले. आता आमच्यातला कोणी रेगेन्सबर्गला आहे, कोणी परत पुण्यात. पण फोन लागला, मुलांच्या शाळा आणि आईवडिलांची तब्येत विचारून झाली, की गाडी हमखास त्या फुटबॉल टीमवर येते. मग फोन तासभर काही संपत नाही.

आधी भानगड काय होती ते सांगतो. आमच्या युनिव्हर्सिटीत हौशी विद्यार्थ्यांची फुटबॉल लीग चालायची. त्यात आमची एक टीम होती, डेक्कन इलेव्हन. बहुतेक सगळे मराठी, बहुतेक सगळे मेकॅनिकल आणि सगळेच्या सगळे मूळचे क्रिकेटवाले. आमचा शेवटचा नंबर कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. हरण्याला कोणाची हरकत नव्हती म्हणा. हरकत होती न येण्याला. शिट्टी वाजेल तेव्हा मैदानावर निदान सात माणसं हवीत, नाहीतर गैरहजेरी. एका सीझनमध्ये तीन गैरहजेऱ्या झाल्या की टीमचं नाव यादीतून कट. वर्ल्ड कप जर्मनीत होणार हे जाहीर झाल्यापासून मैदानासाठी वेटिंग लिस्ट लागली होती, त्यामुळे एकदा कट म्हणजे कायमचं कट.

आणि आमच्या दोन गैरहजेऱ्या पहिल्याच महिन्यात लागल्या! एक परीक्षेमुळे आणि दुसरी कोणाच्या तरी घरी मिसळ होती म्हणून.

आमचा कॅप्टन प्रसन्ना. टीम त्यानेच काढलेली, आणि हे त्याचं शेवटचं वर्ष. त्या मिसळीच्या शनिवारी तो मैदानावर चार जणांसोबत उभा राहून परत आला होता. मला म्हणाला, "मंदार, मला कप वगैरे नको. जाताना टीम चालू ठेवून जायचंय. आपण काढलेली टीम आपल्याच हाताने बंद पाडली, असं नको." मग त्याने मला भरतीप्रमुख केलं. कारण उघड होतं. मला खेळता येत नव्हतं.

* * *

पहिली आयडिया प्रसन्नाचीच. इंडियन दुकानाच्या काचेवर त्याने कागद लावला: फुटबॉल तीन वाजता, साबुदाणा खिचडी पाच वाजता.

तीन वाजता पाच जण आले. पाच वाजता एकोणीस.

प्रसन्ना हार मानणारा नव्हे. पुढच्या शनिवारी त्याने खिचडी दोनला ठेवली. सगळे एकोणीस वेळेवर हजर, शूजसकट! मला वाटलं, भरती संपली, आता मी सुटलो. पण पोटभर खिचडी खाऊन एकोणीसपैकी एकही माणूस पळू शकेना. अर्ध्या तासाने प्रसन्नाने प्रॅक्टिस थांबवली आणि सगळे झाडाखाली आडवे झाले. तिथे मात्र एक छान डुलकी झाली.

* * *

मग मी घरोघरी फिरायचं ठरवलं. आमच्या वोनहाइमला, म्हणजे स्टुडंट हॉस्टेलला, आठ मजले होते. प्रत्येक मजल्यावर एक सामाईक किचन. लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने हुंगत खाली यायचं. फोडणीचा वास आला की त्या मजल्यावर आपला माणूस आहे हे नक्की.

असा मला चौथ्या मजल्यावर अमोल सापडला. सांगलीचा, नुकताच आलेला, पिठलं करत होता. त्याने आधी मला जेवायला बसवलं आणि मग नाव विचारलं. मी विचारलं, "फुटबॉल खेळतोस?" तो म्हणाला, "खेळतो की." एवढा ठाम होकार मला तोवर कोणी दिला नव्हता. मी दुसऱ्यांदा पिठलं घेतलं.

शनिवारी आम्ही त्याला डिफेन्सला लावला. समोरच्या टीमचा एक उंच पोरगा बॉल घेऊन सुसाट आला. अमोल शांतपणे खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी त्या पोराचा घोटा धरला. पोरगा जागच्या जागी आडवा. रेफ्रीने लाल कार्ड काढलं, पण कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे त्याला बराच वेळ सुचेना.

अमोल जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलेला होता. त्या दिवशी पिठल्याला नाही कसं म्हणायचं म्हणून मीही जास्त चौकशी केली नव्हती. बाहेर येताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "पकड बघितलीस? हलला नाही."

* * *

आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसाचं ऑफिस, ही भरतीची सर्वात उत्तम जागा. सकाळी सातपासून रांग लागते आणि रांगेतला माणूस कुठे पळून जाऊ शकत नाही.

तिथे मला शुभो भेटला. कलकत्त्याचा आहे म्हणाला आणि मला आनंदाचं भरतं आलं. कलकत्त्याचा माणूस म्हणजे फुटबॉल रक्तातच असणार! मी फॉर्म त्याच्या हातात कोंबला. त्याने तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "तू कुठला?" म्हटलं, पुण्याचा. "मग तू ढोल वाजवतोस का?" मला ढोल उचलतासुद्धा येत नाही. "तसंच," शुभो म्हणाला. तो क्रिकेटवाला निघाला, स्लिपमध्ये उभा राहणारा.

म्हटलं, हरकत नाही, कॅच घेता येतात ना? गोलकीपर हो.

आणि काय कॅच घ्यायचा महाराजा! पहिल्या सामन्यात कॉर्नरवरून आलेला बॉल त्याने डावीकडे झेप घेऊन असा काही पकडला की समोरच्या टीमनेही टाळ्या वाजवल्या. आम्ही तर त्याच्याकडे धावतच सुटलो. शुभोलाही राहवलं नाही. चांगला कॅच घेतल्यावर आपण सगळे जे करतो तेच त्याने केलं. बॉल हवेत उंच उडवला आणि दोन्ही हात पसरून आमच्याकडे पळत आला.

बॉल खाली आला तिथे त्यांचा स्ट्रायकर एकटाच उभा होता. त्याने मानेला जरा झटका दिला, बस.

शुभो रेफ्रीकडे गेला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "पण कॅच झाल्यावर बॉल डेड होतो ना?"

* * *

फाटकसर युनिव्हर्सिटीत रिसर्च करायचे. चाळिशीचे, जरा पोट सुटलेले, पण कॉलेजात खरोखर फुटबॉल खेळलेले. आमच्या ओळखीतले असे ते एकटेच. आम्ही त्यांच्या घरी गेलो तर त्यांनी गुडघ्याचं कारण पुढे केलं. तेवढ्यात वहिनी किचनमधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जा ना. शनिवारी नाहीतरी तुम्ही माझे डबे नीट लावत बसता." सर जॉइन झाले. लग्न झालेल्या माणसाची भरती करायची तर अर्ज किचनकडे द्यावा, हे मी तेव्हा शिकलो.

सर खेळायचे छान, पण नवाच घोळ सुरू झाला. बॉल त्यांच्याकडे असला की आमची पोरं ओरडायची, "सर, अहो सर, मी इकडे मोकळा आहे, जमलं तर..." त्या 'जमलं तर'पर्यंत बॉल कधीच दुसऱ्याचा झालेला असायचा. शेवटी प्रसन्नाने फतवा काढला की मैदानावर अहो-जाहो बंद. सरही दिलदार. "मला दिग्या म्हणा," म्हणाले. "माझे कॉलेजचे मित्र तेच म्हणायचे."

पुढच्या सामन्यात अमोलने हिय्या केला आणि ओरडला, "ए दिग्या, दे इकडे!" सरांनी क्षणाचाही विलंब न लावता पास दिला. असा पास आमच्या टीममध्ये कोणी कोणाला दिला नव्हता. समोर गोल रिकामा होता.

पास पोहोचला तेव्हा अमोल सरांकडे तोंड करून हात जोडून उभा होता.

* * *

पण हे सगळे एकीकडे आणि मथियास एकीकडे.

मथियास आमच्याच वोनहाइममधला, सिव्हिलचा. गावाकडच्या क्लबात लहानपणापासून खेळलेला, म्हणजे खराखुरा फुटबॉलर. जिन्यात माझ्या हातातली जाळीतले बॉल बघून त्याने स्वतःहून विचारलं, "टीममध्ये जागा आहे का?" मी त्याला तसाच प्रसन्नाच्या खोलीवर नेला. जागा? हवी तेवढी!

मथियास खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आल्झो, आधी एक सांगा. टीम सोडायची झाली तर मुदत किती? किती आधी लेखी कळवायचं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्याकडे लोक टीम सोडायचे म्हणजे शनिवारी फोन उचलायचे नाहीत. पण प्रसन्नाने पुण्यात दोन वर्षं नोकरी केली होती. तो झटक्यात म्हणाला, "तीन महिने."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं मथियास म्हणाला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं.

तो आल्यावर टीमला जरा आकार आला. आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला आणि त्या आनंदात दोन दिवस आवाज बसले. मग एप्रिलात मथियास पाकीट घेऊन आला. त्याच्या मैत्रिणीला फ्रायबुर्गला नोकरी लागली होती आणि तोही तिकडे राहायला जात होता. आत टाइप केलेलं पत्र होतं. आजपासून तीन महिन्यांनी मी टीम सोडत आहे, आणि शेवटी एक ओळ, कृपया लेखी पोच द्यावी. प्रसन्नाने ते दोनदा वाचलं, "डांके" म्हणाला आणि फाइलला लावून टाकलं.

त्यानंतर मथियास दर शनिवारी फ्रायबुर्गहून ट्रेनने यायचा. आम्ही म्हणायचो, अरे, एवढं काही नाही, राहू दे. तो म्हणायचा, "मुदत आहे." आम्ही गप्प बसायचो, कारण सात जणांचा आकडा बऱ्याचदा त्याच्यामुळेच पुरा होत होता.

सीझनचा शेवटचा सामना नेमका त्याच्या शेवटच्या शनिवारी होता. पण आदल्या रात्री धो धो पाऊस झाला, मैदानावर पाणी साचलं आणि सामना आठ दिवस पुढे गेला. मथियासने सगळ्यांशी हात मिळवला आणि तो गेला.

पुढच्या शनिवारी फाटकसर भारतात होते. दोघांची तोंडी परीक्षा लागली होती. एकाला ताप. मी प्रत्येक मजल्यावर दारं ठोठावली, पण सेमेस्टर संपत आलेलं, अर्धं वोनहाइम रिकामं. मैदानावर आम्ही सहा होतो, आणि त्यात मला धरलं होतं यावरून परिस्थिती लक्षात यावी. रेफ्रीने घड्याळ बघितलं आणि पाच बोटं दाखवली. प्रसन्ना खाली बसून बांधलेल्या लेस सोडून पुन्हा बांधू लागला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. दोन मिनिटं उरली तेव्हा मीसुद्धा आशा सोडली.

तेवढ्यात ट्रामच्या स्टॉपकडून कोणीतरी सॅक सावरत पळत येताना दिसलं. मथियास!

प्रसन्ना उभा राहिला. "तुझी मुदत तर गेल्या शनिवारी संपली."

"मी लेखी पोच मागितली होती," मथियास धापा टाकत म्हणाला आणि गवतावर बसून शूज चढवू लागला. "ती आली नाही. पोच नाही, तर मी टीम सोडली की नाही हे मला कसं कळणार?"

शिट्टी वाजली तेव्हा आम्ही सात होतो. पाच गोलांनी हरलो. यादीत आमचं नाव राहिलं.

सामन्यानंतर प्रसन्नाने सॅकमधून फाइल काढली, ते पत्र शोधलं आणि मथियाससमोर धरलं. "सॉरी. राहूनच गेलं. आत्ता करू का सही?"

मथियासने पत्राकडे बघितलं, मग प्रसन्नाकडे. "पेन आहे?"

प्रसन्नाच्या सॅकच्या बाहेरच्या खिशात दोन पेनं सरळ उभी दिसत होती.

"नाही," प्रसन्ना म्हणाला.