माझ्या आधी तिचं नाव

कर्जतहून खोपोलीकडे निघालं की पळसदरी सोडल्यावर रस्त्याच्या डाव्या हाताला लागोपाठ दोन नर्सऱ्या लागतात. पहिली माझी, दुसरी माझ्या धाकट्या जावेची. मधे तारेचं कुंपण आणि शेवग्याची तीन झाडं. पूर्वी ही एकच जमीन होती आणि तिच्यात भात होत असे. वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी खोपोलीच्या कारखान्यांत नोकऱ्या धरल्या होत्या. रोपं विकायची कल्पना माझी. आंब्याचं कलम बांधायला मी दापोलीला आठ दिवस राहून शिकले आणि घरी येऊन जावेला शिकवलं. काडीला पाचर कशी काढायची, पट्टी किती घट्ट गुंडाळायची, सगळं तिचा हात हातात धरून. हे आधी सांगते, कारण माझा मत्सर तिथूनच सुरू होतो. जे माझ्याकडून गेलं त्यावर ती माझ्यापुढे गेली, असं मला वाटायचं.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे फार्महाऊसवाले. शनिवारी मुंबई-पुण्याहून येतात, लॉन लावायचं असतं, कुंपणाला बांबू हवा असतो, दारात चाफा हवा असतो. सुरुवातीला ही माणसं रस्त्यावरून बोर्ड बघून थांबायची आणि पहिला बोर्ड माझा होता. मग लोक मोबाइल बघून यायला लागले. एका शनिवारी माझ्या दारात मोठी गाडी थांबली. नवराबायको उतरली, मी हातातली पाण्याची नळी टाकून पुढे झाले. बाईंनी मोबाइलमध्ये बघितलं, बोर्डाकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ही नाही, ती पुढची." दोघं परत गाडीत बसली.

त्या दिवसापासून मी तिच्या दारातल्या गाड्या मोजायला लागले. तिने नवी हिरवी जाळी टाकली तर मला झोंबायचं. तिच्याकडे मातीच्या पिशव्या भरायला वाडीवरच्या चार बायका यायच्या, माझ्याकडे दोन, तेही मला दिसायचं. तिच्याकडचे निम्मे चाफे माझ्याकडून घाऊक नेलेले असायचे आणि लोक ते तिच्याकडून घ्यायचे. मोबाइलवर 'कर्जत नर्सरी' असं टाकलं की पहिलं तिचं नाव यायचं, मग नेरळकडची दोन, मग कुठेतरी खाली माझं.

अशातच तो माणूस आला. नीट इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग, पनवेलकडचा. या भागातल्या बऱ्याच रिसॉर्टना आपण नेटवर वर आणलं, असं म्हणाला.

"मॅडम, एका महिन्यात पहिला नंबर. लेखी गॅरंटी देतो."

"पुढच्या नर्सरीच्याही वर?" मी विचारलं.

माझा पहिलाच प्रश्न हा होता. मला काय विकायचं ते त्याला तिथेच कळलं असणार.

"त्यांच्या वर तर पहिल्या आठवड्यातच," तो म्हणाला. "नकाशावाल्या कंपनीत आत आमची माणसं आहेत."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पाय धूत होता. "यादी त्याची हाय का?" त्याने विचारलं. "दुसऱ्याच्या यादीत पहिला नंबर द्यायची गॅरंटी हा कसली देतो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पण मला वाटलं, भावाची बाजू घेतोय. तसं मी बोलूनही दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला होकार कळवला.

त्याने आधी माझ्या मोबाइलवर आलेला कोड मागून घेतला आणि मोबाइलच्या नकाशावरची माझी नोंद स्वतःच्या मेलवर नेली. "तुम्हाला कशाला त्रास," म्हणाला. मग नर्सरीचं नाव बदललं. सासूबाईंच्या नावाची साधी पाटी होती, तिच्या जागी मोबाइलमध्ये आलं 'कर्जत खालापूर खोपोली नेरळ सर्वात स्वस्त उत्तम नर्सरी आंबा कलम लॉन'. वाचताना मला धाप लागली. पण तो म्हणाला, लोक जे जे टाकतात ते सगळं नावातच पाहिजे. मग वेबसाइट केली. तिच्यावर गावागणिक एकेक पान. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव वेगळं. मी दोन पानं वाचली आणि पुढची वाचली नाहीत.

महिनाभराने तो आला, माझ्याच नर्सरीत उभा राहिला आणि माझ्याच मोबाइलवर शोधून दाखवलं. पहिलं नाव माझं, तिचं दुसरं. मी मोबाइलचा स्क्रीन किती वेळ बघत बसले. त्या दिवशी कुंपणापलीकडे जाऊ पाणी घालत होती, तिच्याशी मी आपणहून बोलले. इतकी मी खूश होते.

माझ्या नोंदीवर भराभर चांगले अभिप्रायही यायला लागले. ते मी एकेक करून वाचायला घेतले. कोणीतरी लिहिलं होतं, 'खूप छान नर्सरी, माझा मुलगा आनंदाने जातो, शिक्षिका प्रेमळ आहेत.' दुसऱ्याने खेळण्यांचं आणि डब्याचं कौतुक केलं होतं. लिहिणाऱ्यांना नर्सरी म्हणजे बालवाडी वाटली होती. मी फोन केला तर तो हसला. "तारे मोजतात मॅडम, मजकूर कोण वाचतंय?"

त्याच आठवड्यात चौक गावाकडच्या एका बंगल्यातले निवृत्त गृहस्थ आले. त्यांना सफरचंदाची रोपं हवी होती. मी म्हटलं, "काका, इथल्या हवेत सफरचंद नाय धरायचं. लावू नका."

"पण तुम्हीच लिहिलंय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या वेबसाइटवरचं मलाच वाचून दाखवलं. आमच्या मातीत सफरचंद दोन वर्षांत भरपूर फळ देतं, असं तिथे होतं. "मग हे खोटं आहे का?"

आंब्याचं कलम कधी फळ देईल हेसुद्धा मी गिऱ्हाइकाला एखादं वर्ष जास्तच धरून सांगते. एवढी वर्षं माझी तीच अब्रू होती. मी म्हटलं, "हो, खोटं आहे." ते गाडीत बसले आणि पुढच्या नर्सरीत गेले.

मी परत फोन केला. तो म्हणाला, "ते मशीनसाठी लिहिलेलं असतं, माणसं ते वाचत नाहीत."

"तो माणूस वाचूनच आला होता," मी म्हटलं. बदलतो, म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मजकूर मात्र तसाच राहिला.

पुढे दाढेसाठी खोपोलीला गेले होते. दवाखान्यात नंबर यायचा होता म्हणून सहज मोबाइलमध्ये 'आंब्याची कलमं' असं टाकलं. पहिलं नाव जावेचं. मी खाली खाली सरकवत गेले, माझं नाव कुठेच नाही. शेजारी बसलेल्या बाईंना विनंती करून त्यांच्या मोबाइलवर बघितलं, तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याच दारात उभं राहून, माझाच मोबाइल धरून शोधल्यावर, सगळ्यात जवळची म्हणून मी पहिली येणार नाही तर कोण येणार?

इथे मी थांबायला हवं होतं. मी त्याला फोन केला, भांडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, वर जायचे दोन मार्ग असतात. आपण वर चढायचं, नाहीतर पुढच्याला खाली आणायचं. दुसरं लवकर होतं. करू का?"

त्याचा अर्थ मला पूर्ण कळला. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

चार दिवसांनी जाऊ कुंपणापाशी आली. चेहरा उतरलेला. "ताई, जरा बघता का हे?" तिने मोबाइल पुढे केला. चार अभिप्राय, प्रत्येकी एक तारा. रोपं आठवड्यात मेली, बाई उद्धट आहे, पैसे परत देत नाही. "ही नावं मला ठाऊक पण नाय. ताई, मी उद्धट बोलते का?"

"गिऱ्हाइकं असतातच तशी," मी म्हटलं आणि नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं, आणि ते दोन दिवस टिकलं. मग तिने प्रत्येक अभिप्रायाखाली उत्तर लिहिलेलं मी पाहिलं. 'तुम्ही आल्याचं मला आठवत नाही, पण रोप मेलं असेल तर या, दुसरं देते.' चारी ठिकाणी असंच. आणि झालं उलटंच. ते वाचून लोकांना तिच्यावर जास्त भरवसा वाटायला लागला. एक बाई तसं मला सांगून पुढे गेल्या. मी आणखी जळले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी नोंद नकाशावरून नाहीशी झाली. पूर्ण नाव टाकलं तरी काही येईना. त्या माणसाचा फोन आधी लागत नव्हता, मग बंदच झाला. नोंद त्याच्या मेलवर होती, त्यामुळे मला काही करताही येईना. तीन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी जावेकडे गेले. दुसरं कोणाला विचारणार होते?

तिने खुर्ची दिली, चहा ठेवला. सगळं ऐकून म्हणाली, "नावात एवढं सगळं कोणी घातलं? पाटीवर जे नाव तेच लागतं तिथं. खोटे शेरे पण त्यांना कळतात."

"तू कसं केलंस?" मी विचारलं. इतकी वर्षं गिळलेला प्रश्न.

"मी काय नाय केलं. रविवारी नवीन रोपं आली की फोटो टाकते. गिऱ्हाईक खूश झालं तर म्हणते, दोन ओळी लिवा. फोन वाजला की उचलते."

काहीतरी युक्ती असेल अशी माझी खात्री होती. युक्ती असती तर मला ती विकत घेता आली असती.

नोंद परत मिळवायला अर्ज भरायचा होता, त्यासाठी कोड यायचा होता. तिने माझा मोबाइल घेतला. कोड शोधायला मेसेज उघडले, तर वरच त्या माणसाचा मेसेज होता. 'पुढच्या नर्सरीचं काम सुरू केलं, मॅडम. चार टाकले आहेत.' आणि त्याखाली मी पाठवलेला अंगठा.

ती वाचत असताना मी तिच्याकडेच बघत होते. तिने मोबाइल मांडीवर ठेवला.

"तुमी सांगितलंत त्याला?"

"सांगितलं नाय," मी म्हटलं. "पण नाय पण म्हटलं नाय."

चहा उतू गेला. ती उठून गॅस बंद करून आली आणि परत बसली. मला वाटलं, आता निघून जा म्हणेल. तिने अर्ज पुढे भरायला घेतला. माझ्या पाटीचा फोटो लागणार होता, म्हणून माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. "तुमी पण उभ्या रहा पाटीशेजारी," म्हणाली. फोटो काढला, मोबाइल माझ्या हातात दिला. "ते चार शेरे तेवढे काढायचं बघा," एवढंच बोलली आणि आपल्या दाराकडे वळली.

त्या माणसाचा फोन शेवटपर्यंत लागला नाही. मी स्वतः एकेका शेऱ्याची तक्रार करत राहिले. दोन गेले, दोन अजून आहेत, तिच्या उत्तरांसकट. माझी नोंद काही आठवड्यांनी परत आली, सासूबाईंच्या नावाने. बालवाडीचे शेरेही तक्रारी करूनच काढायला लावले आणि वेबसाइट बंद केली. आता ओळखीचं कोणी अशा माणसाच्या नादी लागतंय असं दिसलं की मी सांगते, नंबराची गॅरंटी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, कोड देऊ नका आणि तो पहिला नंबर दाखवेल तेव्हा दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या मोबाइलवर बघा. दुसऱ्याला खाली आणायची गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नाही.

जाऊ आता चाफे माझ्याकडून नेत नाही, नेरळहून आणते. गणपतीत दोघी मोदकांना बसलो होतो. घरात बाकी कोणी नव्हतं. मी विचारलं, "राग गेला का गं?"

"नाय अजून," ती म्हणाली. मग हातातला मोदक ताटात ठेवत म्हणाली, "जाईल."

तिच्या मोदकाच्या कळ्या माझ्यापेक्षा बारीक आणि सारख्या येत होत्या. मी त्या मोजायचं टाळलं आणि उकडीची परात पुढे ओढून मळायला घेतली.