इंजिनाची पाठराखीण

ट्रकच्या इंजिनालाही सासर-माहेर असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस नांदेड-लातूरकडे शोधून एकच सापडेल, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. अहमदपूरच्या बाहेर रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मी मामा म्हणतो आणि ते मला मास्तर म्हणतात, कारण मी मुखेडला शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो, म्हणून इथंही सांगून टाकतो. मामा चौथीतून उठले ते थेट एका ट्रकखाली जाऊन आडवे झाले, आणि अजून पुरते बाहेर आलेले नाहीत.

गाडी शेडमध्ये आली की ते ड्रायव्हरला काही विचारत नाहीत. इंजिन ऑइल दोन बोटांत चोळतात, वास घेतात आणि ड्रायव्हर ढाब्यावर गाडी चालू ठेवून किती वेळ जेवतो ते सांगतात. एका ड्रायव्हरनं घाबरून, कुणी न विचारलेल्या आणखी दोन गोष्टीही कबूल केल्या होत्या. मी गेलो की खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरला जातो आणि मला पान्याला हात लावायची बंदी असते. जावयाचा मान म्हणजे चार तास नुसतं बसून राहणं, हे मी त्या खुर्चीवर शिकलो. त्यांच्या शेडमधून एकही गाडी दोर बांधून, म्हणजे टोचन करून, बाहेर गेलेली नाही. याचा त्यांना माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे, आणि तो ते लपवत नाहीत.

पण त्यांची खरी रीत इंजिन बदलताना दिसते. जुनं इंजिन उतरवून दुसरं बसवलं, की जुन्याचा एखादा भाग ते हमखास नव्याला लावतात. कधी ऑइलचं झाकण, कधी एखादा बोल्ट. मी एकदा कारण विचारलं. "लेक सासरी धाडताना संगं पाठराखीण धाडतेत का न्हाई? परक्या घरात एक तरी वळखीचं मानूस पायजे." भौतिकशास्त्र बाजूला ठेवून मी चहा प्यालो.

गेल्या उन्हाळ्यात मुखेडकडच्या एका गाडीमालकाच्या ट्रकचं इंजिन असंच बदलायचं होतं. ट्रक नव्या जमान्याचा, कॉम्प्युटरवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला माल उचलायचा होता, म्हणून मालक सकाळपासून शेडमध्येच येरझाऱ्या घालत होता. दुपारी तीनला इंजिन बसलं. मामांनी रुबाबात चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. डिझेल पाहिलं, बॅटरी पाहिली, डिझेलच्या नळीतली हवा काढली. पुन्हा चावी, पुन्हा नुसती घरघर.

"मिस्त्री, पाचपर्यंत बघतो," मालक म्हणाला. "न्हाई झालं तर टोचन करून लातूरच्या वर्कशॉपला नेतो."

मामांनी नुसता घाम पुसला, तोही कोरड्या कपाळावरचा. साडेचार झाले.

मी खुर्चीतून विचारलं, "मामा, ह्या खेपेला पाठराखीण कोण?"

त्यांनी फ्लायव्हीलजवळ, म्हणजे इंजिनाच्या मागच्या दातेरी चाकाजवळ, बोट दाखवलं. तिथं वायरीसकट जुना क्रँक सेन्सर बसवलेला. इंजिन किती फिरलं हे चाकाचे दाते मोजून कॉम्प्युटरला सांगणारा, बोटाएवढा तुकडा. तो सांगेल तेव्हाच डिझेल सुटतं. नव्या इंजिनाबरोबर आलेला कोरा सेन्सर काढून मामांनी फळीवर ठेवला होता.

"दुसरं काही न्हाई सापडलं?" मी म्हटलं.

"अवो, त्याला काय काम हाय? ना फिरतंय, ना हालतंय. नुसतं बसून ऱ्हातंय. पाठराखिणीला तरी काय काम असतंय?"

मी टॉवेल बाजूला सारून उठलो. जावयानं सासऱ्याची चूक गिऱ्हाइकासमोर काढायची नसते, एवढं मला कॉलेजात कुणी न शिकवताही कळत होतं. म्हणून ट्रकखाली वाकून हळूच म्हटलं, "मामा, जरा काढून बघता का? पाठराखिणीला दिसत नसंल."

त्यांनी सेन्सर काढून तळहातावर घेतला. दात्यांना घासून त्याचं तोंड पार झिजलं होतं, वायरीचं कव्हर बोट लावताच गळून पडलं.

"मास्तर," ते म्हणाले, "फळीवरचा द्या इकडं. अन् दहाचा पाना."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पाना मागितला. कोरा सेन्सर बसला, वायर जोडली, चावी फिरली आणि दुसऱ्या घरघरीला इंजिन पेटलं. मालक उडी मारून केबिनमध्ये चढला, तर मामांनी हात वर केला. जुन्या इंजिनाचं ऑइलचं झाकण आणून ते सावकाश बसवायला लागले.

"मिस्त्री, निघू द्या की वरात!" मालक वरून ओरडला.

"पाठराखिणीबिगर?" मामा म्हणाले. पाचच्या आत गाडी आपल्या चाकांवर रस्त्याला लागली.

हे सगळं चांगलंच झालं. मी दोन आठवडे शाळेत ही गोष्ट सांगत होतो, माझ्या डिग्रीचा भाग जरा वाढवून. पण तेव्हापासून इंजिन बदललं की मामांचा फोन येतो. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात येतो. ते फोन चालू इंजिनाजवळ धरतात. मला त्या आवाजातलं ओ की ठो कळत नाही. मग ते विचारतात, "नीट हाय ना, मास्तर?"

मी "हाव, लई झकास" म्हणतो. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. तो त्यांना माझ्यामुळं पडायला लागला, याचं मला अजून नीटसं बरं वाटत नाही.