निमाला उमरेडला जायचं होतं

माझी धाकटी नणंद निमा आज सकाळी गेली.

त्याआधी एकदा मी तिला गमावून बसले होते. ती भीती अजून अंगातून गेलेली नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. निमाला विसरायला होऊ लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, माणसांत न्या. म्हणून नागपूरच्या महाल भागात फोटो काढत फिरायच्या एका फोटोवॉकला मी आमच्या दोघींची नावं दिली. जुने दरवाजे, रंगीत खिडक्या. तिला रंगांचं वेड.

सुरुवात छान झाली. सुताच्या दुकानापुढे ती गुलाबी लडी बघत थांबली.

"वैनी, हा रंग पाह्य. तुले शोभते."

"या वयात?"

"वय कोण पाहून राहिलं तुयं?"

मग एक निळी लाकडी गॅलरी आली. आमचा लीडर, एक दाढीवाला मुलगा, सगळ्यांना सांगत होता की फ्रेममध्ये माणसं नकोत.

निमा नेमकी त्या दाराशी उभी.

"आजी, थोडं साइडला. अजून थोडं. अजून."

सांगितलं की ऐकायचं, हा तिचा जन्माचा स्वभाव. ती सरकत राहिली. मीही सगळ्यांसारखी स्क्रीनमध्ये डोळे घालून उभी.

फोन खाली केला तर गल्ली रिकामी.

"परफेक्ट," तो म्हणाला.

"निमा कुठाय?"

"असतील इथंच, आंटी. लाइट जाऊन राहिली, आधी शॉट घेऊन घ्या."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॉन्व्हेंटमध्ये न शिकवलेलं इंग्रजीही मला येतं.

निमाला फोन लावला. तो माझ्याच पर्समध्ये वाजला.

मी गल्लीगल्लीतून हाका मारत सुटले. फिक्या साडीतली प्रत्येक बाई निमा वाटायची आणि वळली की दुसरीच निघायची.

शेवटी एका बांगड्यांच्या दुकानदाराने थांबवलं.

"त्या आजी? रस्ता चुकल्या होत्या. घर कुठं विचारलं, तर म्हणे उमरेडले. मीच ऑटोत बसवून दिलं, बस स्टँडवर जायले."

भला माणूस. आपल्या हातून मदत झाली म्हणून खूश होता.

उमरेड तिचं माहेर. ते घर विकून कित्येक वर्षं झाली. तिचे आई-वडील, म्हणजे माझे सासू-सासरे, नाहीत, माझा नवरा नाही. तिला ओळखणारं तिथे कोणी उरलेलं नाही. ती सदरला माझ्याकडे राहते, हे तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

ऑटोत बसून मला एकच दिसत होतं. निमा भलत्याच लोकांचं दार वाजवते आहे आणि आईला हाक मारते आहे.

पोचले तेव्हा उमरेडची बस निघतच होती. मी आडवी उभी राहिले आणि बसच्या तोंडावर दोन्ही हात आपटले.

"मराले आली का, बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"आत माझी नणंद आहे."

होती. खिडकीशी, पदर नीटनेटका.

"वैनी, तू बी आली? बरं झालं. आई वाट पाहून राहिली असन."

मी तिच्या शेजारी बसले. कंडक्टर म्हणाला, "आजी, उतरता का दोघी जाता?"

उतरताना निमाने माझा हात धरला.

"काहून कापून राहिली वं? कोणी रागावलं का तुले?"

त्या निळ्या गॅलरीचा फोटो अजून ग्रुपच्या पेजवर आहे. खाली लोकांनी लिहिलंय, किती शांत जागा.

नंतर मी तिच्या गळ्यात एक बिल्ला घातला. नाव, पत्ता, माझा नंबर. आज हॉस्पिटलमध्ये नर्सने तो काढून माझ्या हातात ठेवला.

टाकून देणार होते.

पण गेल्या आठवड्यात दूध घेऊन परतताना आमच्याच चौकात क्षणभर मला कळेना, कुठे वळायचं. हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

पत्ता आम्हा दोघींचा एकच. मला शोधायला स्टँडपर्यंत धावणारं आता घरात कोणी नाही.

बिल्ला मी गळ्यात घातला आहे. ब्लाउजच्या आत, दिसत नाही.

निमा, सांभाळून जा वं.