सगळ्यांनी सात जूनला पेरलं

लातूरला आम्ही दोघा मित्रांनी स्टार्टअप काढलं, तेव्हा आधी लोगो केला, मग बसायला रंगीत गाद्या आणल्या, मग कॉफीचं मशीन. सोयाबीन काढायला वेळेवर हार्वेस्टर पाठवणं हा आमचा धंदा. त्याला कॉफी कशाला लागते हे मला आजही सांगता येणार नाही, पण पुण्याहून गुंतवणूकदार येणार होते आणि त्यांना चहा देणं बरं दिसलं नसतं.

काम सोपं होतं. पेरणीची तारीख ॲपमध्ये भरायची, काढणीचा दिवस ॲप सांगणार, त्या दिवशी यंत्र बांधावर. अडचण एवढीच की आमच्याकडे पेरणीची तारीख कुणी सांगत नाही, नक्षत्र सांगतात. 'मृगात पेरलं' म्हटलं की विषय संपला. आमच्या फॉर्मचं पुढचं पान मात्र तारखेशिवाय उघडत नव्हतं. मग गावोगाव फिरणाऱ्या आमच्या हुशार मंडळींनी मृग लागतो तो दिवस धरून सरळ सात जून टाकला. निलंग्यापासून नायगावपर्यंत सगळा मुलूख एकाच दिवशी पेरून मोकळा झाला.

हे पहिल्यांदा दिसलं ते ऑफिसातल्या भोकरच्या बाईंना. त्यांनी आधी बरीच वर्षं लोकांना सातबारे काढून दिलेले. "सर, सात जूनला पाऊस तरी होता का?" त्यांनी विचारलं. दोन आठवडे द्या, एकेकाला फोन करून तारखा नीट करते, असंही म्हणाल्या. माझा भागीदार हसला. "मॅडम, आधी वाढायचं, साफसफाई मागून." मी मान डोलावली. असली वाक्यं ऐकली की उगाचच आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं. ते दोन आठवडे आम्ही गुंतवणूकदारांना दाखवायच्या तक्त्यांचे रंग ठरवण्यात घालवले.

आमचे पहिले ग्राहक म्हणजे नायगावकडचे माझे सख्खे मामा. गावात कुणी तयार नव्हतं, तेव्हा "भाच्याचं हाय" म्हणून त्यांनी नाव नोंदवलं.

सप्टेंबरात ॲपच्या हुकमाप्रमाणे यंत्र त्यांच्या बांधावर हजर झालं. मामांचा फोन आला. "शेंगा हिरव्यागार हायत रं. काय कापावं ह्यानं, पाला?" यंत्र परत गेलं. पीक वाळलं तेव्हा आमची सगळी यंत्रं निलंग्याकडं अडकलेली, कारण तिथूनही ती एकदा रिकामीच परतली होती आणि आता दुसऱ्यांदा गेली होती. आमच्या भरवशावर मामांनी मजूर सांगितले नव्हते. मग पाऊस लागला तो हटेचना, आणि उभ्या शेंगांना मोड आले. मी भेटायला गेलो. मामींनी ताट वाढलं. त्या जेवणाची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी आम्हाला अक्कल आली. भोकरच्या बाईंना त्यांचे दोन आठवडे मिळाले. मामांना फोन मात्र मी स्वतः केला.

"मामा, यंदा नेमकं कधी पेरलं?"

"गेल्या सोमवारी, सकाळी. गेल्या सालचं बी सांगतो, मृग सरायच्या आदल्या दिवशी. दरसाल कॅलेंडरवर लिहून ठेवतो मी. तुमच्या मानसानं इचारलंच न्हाई."

मी घाईनं लिहून घेतलं. "मग यंत्र कधी पाठवू?"

"नको रं. यंदा मजूर सांगितलेत," मामा म्हणाले. "तारीख लिहून घे तू मात्र. कामाला येईल तुझ्या."