लाल रंगाखालचे तीन सिलिंडर

वारासिवनीच्या त्या राइस मिलमध्ये दसऱ्याला घमेल्यापासून मोटारीपर्यंत सगळं धुऊन, रंगवून पूजेला मांडायची रीत होती. अठ्ठ्याण्णव साली डब्यात उरलेला लाल रंग मिलमध्ये कामाला असलेल्या मैनाबाईने आग विझवायच्या तिन्ही सिलिंडरांना फासला. अंगभर, वरच्या अक्षरांसकट. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. चकाकी मात्र तिला फार आवडायची.

फिटर दुलीचंदने ते पाहिलं नि कपाळाला हात लावला. नळीच्या टोकाला भोंगा असलेला गॅसचा सिलिंडर कुणालाही ओळखू येई. बाकीचे दोन मात्र अगदी जुळे. मिलचे सेठ म्हणाले, उद्या मिल सुरू व्हायच्या आत कुठल्यात काय आहे याची ओळख पटली नाही, तर मैनाबाईने घरीच बसावं. सतरा वर्षांचं काम असं हातचं जात होतं.

तिच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळला.

“काहून भाऊ, आग तं आगच ना? मंग तीन तऱ्हेचे डबे कायले?”

दुलीचंद आधी चिडून, मग चवीने सांगत गेला. भुशाची आग ढिगाच्या पोटात धुमसते, तिला पाणीच हवं. पावडरीने वरच्या ज्वाळा दबतात, निखारा तसाच राहतो. डिझेल पेटलं तर पावडर, कारण पाण्यावर तेल तरंगतं नि आग पसरते. बिजलीच्या बोर्डाला भोंग्यातला गॅस.

“अन् थो गॅस भुशावर मारला तं?”

“पेटता भुसा मिलभर उडन.”

“अन् बोर्डावर पाणी?”

“मारनारा तिथंच जाईन, बाई. म्हणून तं डोकं धरून बसलो मी.”

मैनाबाई सिलिंडरांकडे वळली. पोत्यावर थाप मारून आतलं धान ओलं की सुकं, हे सांगणारी बाई ती. उकिडवी बसून तिने दोन्ही सिलिंडरांना थापा मारल्या, हलवले, कान लावला.

“ह्याच्यात पाणी डचमळून राह्यलं. त्याच्यात पिठावानी काही सरकते.”

दुलीचंदला पटेना. त्याने अंगणात भुसा पेटवला नि पाण्याचा म्हणतेस तो तूच चालव, म्हणाला. पाणी पुन्हा भरता येतं, पण पावडर निघाली असती, तर डबा वाया नि सेठचा राग तिच्यावर. मैनाबाईने पदर खोचला, नळी धरली, खटका ठोकला. पाण्याची धार भुशात घुसली, भसकन वाफ उठली.

“राह्यली तुही नोकरी,” दुलीचंद हसला.

तिचं लक्षच नव्हतं. काडीने ती ओला ढीग उकरत होती.

“थांबा ना भाऊ. पोटातला निखारा इझला का, थे पाहू द्या.”